रिकाम्या जागची खाज

दरवर्षी दवाखान्यातून एका मुलीचा फोन येतो. गाठ निघाली म्हणून छातीची एक बाजू काढली, त्या ऑपरेशनला सात वर्षं झाली, तरी मी कशी आहे ते तिला लिहून घ्यायचं असतं. यंदा फोन आला तेव्हा दुपारी माझा डोळा लागला होता, आणि झोपेत मी पुन्हा अख्खी होते.

"आजी, हात वर जातो ना?"

"न जायला काय झालं? सुनेवर उगारते की रोज."

शेजारी भाजी निवडणारी सून फिस्कन हसली.

"आणखी काही त्रास?"

मी सुनेला पाणी आणायला पिटाळलं आणि आवाज उतरवला. "पोरी, तुम्ही जे कापून नेलंत ना, तिथेच खाज सुटते. झोपेत तर भरून आल्यासारखं वाटतं. दुखणं परत आलं का गं? खरं सांग, मी रडणाऱ्यातली नाही." एवढं बोलले आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"अहो आजी, कितीजणींना होतं असं! शरीर विसरत नाही. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून जा."

"मग त्या बाया करतात काय?"

"एकजण तर हवेतच खाजवते म्हणे."

"वेडी दिसते," म्हणून मी फोन ठेवला.

खिडकीतलं ऊन पलंगावर आलं होतं. त्यात पडून मी डोळे मिटले, आणि छातीपासून चार बोटं वर, नुसत्या हवेत, हळूच नखं फिरवली. खाज विरघळत गेली.

डोळे उघडले तर दारात सून, हातात पेला.

"बघतेस काय? डास होता."