नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा

रबरी पट्टा बांधण्यासाठी गिरिजाने बाही वर केली, तेव्हा शालिनीला तिच्या दंडावर चार डाग दिसले. ओळीने, बोटभर अंतरावर. पाचवा आतल्या बाजूला होता, इतरांपेक्षा रुंद. रंगही एकसारखा नव्हता. कडेला पिवळट, मध्ये ताजा जांभळा. म्हणजे जुन्या डागांवर नवे.

शालिनीने सुई खाली ठेवली.

दुबईत व्हिसा रिन्यू करायचा तर आधी रक्ततपासणी. दवाखान्याच्या लेडीज सेक्शनमध्ये शालिनी दिवसभर तेच काम करी. पण गिरिजा तर अल मनखूलमध्ये तिच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी, मंडळाच्या गणपतीत मोदक वळणारी, बारा महिने लांब बाह्या घालणारी. "एसीत मला थंडी वाजते हो," असं म्हणायची.

"दर्शनने केलं हे?"

"ताई, रक्त घ्या ना. हे बाहेर थांबलेत."

"पोलिसांत का जात नाहीस?"

गिरिजा हसली. ते हसू बघवेना. "माझा व्हिसा त्यांच्या नावावर, पासपोर्ट त्यांच्या लॉकरमध्ये. म्हणतात, तोंड उघडलंस तर व्हिसा कॅन्सल, खलास! तू पुण्याला आणि आपली पोर शुभ्रा इथे, माझ्याकडे."

शालिनीने रक्त घेतलं. ही बाई या देशात राहायला योग्य आहे की नाही, ते त्या नळीवरून ठरणार होतं. दंडावरच्या डागांविषयी कुणी काहीच विचारणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी शालिनीच्या दारावरची बेल वाजली. दारात गिरिजा उभी होती. ओठ फुटलेला, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हाताला धरलेली सात वर्षांची शुभ्रा. शालिनीने तिला आतल्या खोलीत नेलं आणि ओठावर बर्फ धरला. तेवढ्यात हॉलमधून नवऱ्याचा आवाज आला. जगन्नाथ हे इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते.

"हॅलो दर्शन? अरे, वहिनी आमच्याकडे आहेत, काळजी करू नकोस. ये निवांत, चहा घेऊ."

शालिनी धावत बाहेर आली. "अहो, हे काय केलंत!"

"अगं, त्याला कळवायला नको? उद्या म्हणेल, बायको पळवली. चहा पाजू, समजावू, सब ठीक हो जायेगा. आजवर अशीच मिटवली ना आपण भांडणं?"

खरंच होतं ते. फोन, चहा, आणि बाईची घरी रवानगी. परमुलखात आपली माणसं जपायची म्हणून आपल्यापैकी किती जणांनी असे फोन केले असतील!

"मिटवली नाहीत," शालिनी म्हणाली. "दर वेळी आपण बाईला परत नवऱ्याच्या हातात दिलं. व्हिसा हा राहण्याचा परवाना आहे, मारण्याचा नव्हे! मार खाणाऱ्या बाईचं राहणं मारणाऱ्याच्या सहीवर असूच नये. कायद्याने ते वेगळं करायला हवं."

"तो कायदा तू-मी बदलणार? आपण इथे पाहुणे, शालिनी."

"कायदा नसेल आपल्या हातात. फोन न करणं तर होतं!"

बेल वाजली. सवयीने जगन्नाथांनी कडीला हात घातला, तोच शुभ्राने त्यांचा सदरा घट्ट पकडला.

"अंकल, डोन्ट ओपन. पप्पा विल बी नाइस हिअर. ओन्ली हिअर."

जगन्नाथांचा हात कडीवरच थांबला. मग त्यांनी दाराची साखळी लावली आणि दार वीतभरच उघडलं.

बाहेर दर्शन हसत उभा होता, हातात चॉकलेटचा डबा. "सॉरी हं, जगन्नाथराव. उगाच तुम्हाला त्रास. गिरिजा, चल, यल्ला!"

"वहिनी आज येणार नाहीत," जगन्नाथ म्हणाले.

दर्शनचं हसू गेलं. "तुमचा काय संबंध? गिरिजा, ऐकतेयस ना? रिन्यूअलवर अजून माझी सही व्हायचीय. सोमवारी ऑफिस उघडलं की कॅन्सल करतो. पोरगी माझी!"

गिरिजा खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने शालिनीकडे पाहिलं. "ताई, हे खरंच शुभ्राला ठेवून घेतील?"

शालिनीने खोटा धीर दिला नाही. "मला ठाऊक नाही गं. मी जे पाहिलं, ते मात्र कुठेही सांगेन."

गिरिजाने शुभ्राला जवळ घेतलं. तिच्या केसांत तोंड लपवून ती बराच वेळ तशीच राहिली, जणू हा वास साठवून ठेवायचा होता. बाहेरून दार वाजत होतं. मग तिने डोळे पुसले. दोन्ही बाह्या दंडापर्यंत वर सारल्या.

"भावजी," ती म्हणाली. आवाज साखळीपलीकडे ऐकू जाईल इतका मोठा होता. "आता दुसरा फोन करा. पोलिसांना. मला तक्रार द्यायची आहे."