बारा सेकंदांची क्लिप

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या दुपारी क्षिप्रा दिल्लीत मुनिरकाच्या गल्लीत, खोलीच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून रडली. तिसरा प्रयत्नही गेला होता. हिंगोलीला घरी मात्र तिने सांगितलं, निकाल अजून लागायचाय. बऱ्याच वेळाने समोर राहणारा वेदांत पाण्याची बाटली घेऊन आला, शेजारी बसला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चल यार, वर जा आता." एवढंच.

दुसऱ्या सकाळी अण्णांचा फोन आला. वडिलांचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "अभ्यासाला गेलीस ना तू तिथं?" घरमालकाने दारावरच्या कॅमेऱ्यातला तुकडा त्यांना पाठवला होता. बारा सेकंदांचा. पायरी, ती आणि वेदांतचा हात. "निघतोय मी," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते येईपर्यंत तिला गल्लीत पाय टाकवेना. किराणा दुकान, झेरॉक्सवाला, लायब्ररीचं दार. जिथंतिथं कॅमेरा दिसू लागला. वेदांत समोरून आला तर ती पुटपुटली, "ओळख दाखवू नको." रडू यायचं, ती गिळायची.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. ती त्यांना तडक खाली घरमालकाकडे घेऊन गेली.

"अंकल, पूरा दिखाइए. शुरू से."

"अब क्या फायदा बेटा? सर को सब पता है."

"नहीं. उन्हें कुछ नहीं पता."

त्याने कुरकुरत लावलं. आवाज नव्हता. पडद्यावर क्षिप्रा आली, बसली, ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. स्कूटर गेल्या. एक बाई तिच्या डोक्यावरून पिशवी उचलून वर गेली. कोणी थांबलं नाही. अण्णा उभे होते, ते हळूच स्टुलावर बसले. चाळीस मिनिटांनी वेदांत आला, तेव्हा त्यांनी मान खाली घातलेली होती.

"निकाल लागला होता?"

"हो."

त्यांनी घरमालकापुढे हात जोडले. "मिटा दीजिए."

"मेरे यहाँ से मिटा दूँगा, सर. लेकिन गली के ग्रुप में उसी दिन डाल दिया था. सेफ्टी के लिए."

वर येऊन अण्णा तिची पुस्तकं गोणीत भरू लागले.

"अण्णा, माझी काही चूक नाही, पाहिलंत ना?"

"पाहिलं. राग नाही गं तुझ्यावर."

"मग राहू द्या ना मला. एकच वर्ष. पाया पडते."

त्यांचे हात थांबले नाहीत. "पोरगी चाळीस मिनिटं अशी रडते आणि आम्हाला पत्ता नाही. हे बघून तुला इथं सोडून जाऊ? झोप लागेल का मला?"

रागावलेल्या बापाशी ती भांडली असती. त्याची तयारी तिने दोन दिवस केली होती. तिने गोणीचं तोंड धरलं, त्यांनी सुतळी आवळली. संध्याकाळच्या गाडीने बापलेक निघाले. पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरलाच नाही.