आर्किमिडीजच्या हातात बांगड्या

“बॅगा बाहेर! रॅकवर ठेवा, मगच आत पाऊल.”

भानुमती हे वाक्य दिवसातून आठ वेळा कन्नडात म्हणायची, आणि अठरा वर्षांत ते एकदाही मऊ झालं नव्हतं. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या एका लहानशा खासगी विज्ञान केंद्रात ‘काळयान’ नावाची खोली होती. तिची झाडलोट, बटणं, दार, सगळं भानुमतीकडे. खोली कसली, पत्र्यानं मढवलेला मोठा खोका! खाली मोटर. ती सुरू झाली की खोका गदागदा हलायचा, दिवे जायचे आणि मुलं म्हणे काळात मागे जायची. मग एकेक खिडकी उजळायची. पहिलीत टबात बसलेला आर्किमिडीज, दुसरीत दुर्बीणवाला गॅलिलिओ, तिसरीत मादाम क्यूरी. पुतळे कापडाचे, आवाज टेपवरचा. पण मुलं भेटून यायची ती खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञांना. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे बघावेत!

आज एका शाळेची चौथी आली होती. दहाजणांची पहिली तुकडी ओळीनं आत चालली होती, तेवढ्यात शेवटची मुलगी थबकली. किडकिडीत, दोन वेण्यांची. निळी बॅग छातीशी धरून हळूच म्हणाली, “मावशी, मला बॅग हवी.”

मराठीत म्हणाली. मघाशी भानुमती फोनवर नवऱ्याशी, गुंडुरावांशी, मराठीत बोलत होती. ते पोरीनं ऐकलं असणार.

आणि तिथंच घोटाळा झाला. दुसऱ्या कुणी कन्नडात मागितली असती, तर भानुमतीनं निदान ‘का गं?’ म्हणून विचारलं असतं. पण आपल्या भाषेतल्या माणसाला सवलत दिली की चार तोंडं बोलतात, हे ती पोळून शिकली होती. दोन वर्षांमागं ओळखीच्या एका मराठी कुटुंबाला तिनं रांग सोडून आत घेतलं, तर ‘तुमची मंडळी आली की नियम रजेवर जातात वाटतं,’ असं चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून आपल्या माणसाला नियम दुप्पट.

“सगळ्यांना एकच रूल, पुट्टी, बाळा. आपल्यातली म्हणून सोडायचं नाही. दे इकडं.”

पोरगी दुसऱ्यांदा काही बोलली नाही. बॅग दिली आणि आत गेली. भानुमतीनं दार लोटलं, कडी घातली, बटण दाबलं.

खोका हलू लागला. आत किंचाळ्या, हसू, नेहमीचंच. आर्किमिडीजचं बोलणं निम्मं झालं असेल-नसेल, तोच करंट गेला.

करंट जाणं म्हैसूरला नवं नाही. पण आजवर तो कधी खोका हलत असताना गेला नव्हता. मोटर जिथल्या तिथं बंद पडली आणि खोका नेमका दाराच्या अंगाला कलंडून थांबला. भानुमतीनं कडी काढली, दार ओढलं, ते हलेना. दाराची खालची कड दगडी पायरीवर जाम बसली होती. तिनं पाय टेकून ओढलं. छे!

आत दहा मुलं आणि काळाकुट्ट अंधार. पंखाही बंद. हसू विरलं आणि रडू सुरू झालं.

तिनं मॅनेजरला फोन लावला. रघूत्तम आज टी. नरसीपूरला संगमावर, काकांच्या वर्षश्राद्धाला गेला होता.

“साहेब, खोका तिरका अडकलाय. पोरं आत आहेत. जॅक कुठाय?”

“अय्यो! जॅक स्टोअरमध्ये. किल्ली माझ्याजवळ की हो. स्वल्प धीर धरा, भानक्का, करंट येईल की.”

“आणि नाही आला तर?”

भानुमतीनं फोन तोडला आणि रिंग रोडवरच्या मालोजीराव वेल्डरला लावला. लॉरीचा जॅक घेऊन अर्ध्या तासात येतो म्हणाला. अर्धा तास!

शाळेच्या बाई, जयलक्ष्मी मिस, दारावर थापा मारत होत्या. “हेदरबेडी मक्कळे! घाबरू नका, मी इथंच आहे!” पण त्यांचाच आवाज इतका कापत होता, की मुलं आणखी बिथरली आणि सगळीच्या सगळी दाराकडे धावली. धडाधड अंगं आपटल्याचे आवाज आले. तेवढ्यात आतून एक खणखणीत ओरडा आला. “ही स्पंदना,” मिस म्हणाल्या. वर्गातली तोंडाळ पोर.

“मिस! पावनी मागेच बसलीय. तिच्या छातीत शिट्टी वाजतेय!”

जयलक्ष्मी मिसचा चेहरा पांढराफटक पडला.

“देवा! दमा आहे तिला. पंप बॅगेत असतो. ही मुलगी बॅग कधी म्हणून सोडत नाही, आजच कशी विसरली?”

भानुमतीनं रॅककडे पाहिलं. निळी बॅग कडेला, तिनंच ठेवलेली. विसरली नाही हो, मागत होती, मी हिसकून घेतली, असं शब्द न शब्द तिच्या ओठांवर आलं. ते तसंच गिळून तिनं बॅग ओढली, चेन उघडली. डबा, कंपास, आणि पुढच्या खणात निळा पंप.

आता हा आत जाणार कसा? दार जाम, भिंतींना पत्रा. खोक्याला हवेच्या फटी होत्या, पण बोटाएवढ्या.

खिडकी!

पुतळ्यांवरची धूळ झटकायला मागच्या बाजूनं प्रत्येक खिडकीला झडप होती. पुढं मुलांच्या बाजूला काच. पण आर्किमिडीजची काच मागं एका पोरानं चप्पल मारून फोडली होती, आणि नवी येईपर्यंत म्हणून रघूत्तमानं तिथं प्लास्टिक चिकटवलं होतं. ‘येईपर्यंत’ला वर्ष झालं होतं. भानुमतीनं जन्मात पहिल्यांदा त्याच्या चालढकलीचे आभार मानले.

ती धावत मागं गेली. झडप उघडली, पुतळ्याच्या काखेखालून हात घातला. टबाच्या पत्र्याची धार मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडत गेली. तिनं हात तसाच रेटला, नखांनी प्लास्टिक फाडलं. हात खांद्यापर्यंत आत गेला.

“पावनी! इकडं ये, खिडकीकडं!” ती ओरडली.

ओरडणं चुकलं. अंधारात भलतीकडून भलताच आवाज आलेला ऐकून मुलांनी एकच आकांत केला. त्या गलक्यात तिला ती शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबलेली, मधेच तुटणारी. आपल्या हातून लेकरू जाणार, असं तिला स्वच्छ वाटलं.

काय करावं? भेदरलेली मुलं कुणाचं ऐकतील? तिचं नाही. तिला ती ‘बॅगा बाहेर’ एवढ्यापुरतीच ओळखत होती. मिसचंही ऐकत नव्हती. करंट जाण्याआधी मुलं चिडीचूप बसून एकाचंच ऐकत होती.

भानुमतीनं डोळे मिटले आणि टेपवरच्या त्या म्हाताऱ्या, घोगऱ्या कन्नड आवाजात सुरुवात केली.

“या, बाळांनो, या. फार लांबून आलात. दोन हजार दोनशे वर्षं मागं आलात तुम्ही.”

अठरा वर्षं, दिवसाला आठ खेळ. कुठं थांबायचं, कुठं खाकरायचं, सगळं तोंडपाठ. दहावीला विज्ञानातच नापास झालेली बाई होती ती. पण त्या क्षणी तिच्या घशातून निघाला तो आर्किमिडीजच.

आतला गलका ओसरला. कुणीतरी नाक ओढलं.

“आज आमच्याकडं दिवे नाहीत. आमच्या काळात करंट कुठला रे? अंधारातच बसतो आम्ही, आणि मजेत बसतो. आता सगळ्यांनी आपापल्या जागी खाली बसायचं. मला एकाच मुलीशी बोलायचंय. पावनी कुठाय?”

“अज्जा, इथं आहे!” स्पंदना ओरडली. मग दबक्या आवाजात इतरांना म्हणाली, “अरे, त्याला पावनीचं नाव ठाऊकाय!”

“स्पंदना, तिचा हात धर. माझा आवाज येतोय तिकडं हळूहळू आण. भिंत चाचपत. तिचं औषध माझ्याजवळ आहे.”

सरपटण्याचे आवाज आले. शिट्टी जवळ आली. दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत होतं, म्हणजे श्वास अडत चालला होता. झडपेतून थोडा उजेड आत जात होता. त्यात स्पंदनाला पुतळ्याच्या काखेतून बाहेर आलेला हात दिसला.

“अय्यो! आर्किमिडीजच्या हातात बांगड्या आहेत! आणि रक्त!”

क्षणभर सगळं पुन्हा उधळणार असं वाटलं.

“आमच्या गावात घालतात,” आर्किमिडीज खेकसला. “बांगड्या मागाहून मोज. आधी तिला पुढं कर.”

मग भानुमतीच्या तळव्याला बोटं लागली. थंडगार, घामेजलेली. तिनं पंप त्या बोटांत दिला आणि मूठ मिटवली. आत काहीच झालं नाही. तिनं मनातल्या मनात यल्लम्मा, चामुंडी, जी आठवेल तिला हाक मारली. मग आवाज आला, फुस्स.

“शाब्बास. थांब. श्वास आत धरून ठेव. आता पुन्हा.”

फुस्स.

पंप वापरायचं पोरीला कुणी शिकवायला नको होतं. पण पंप घेतल्यावर पावनीनं रिकाम्या हातानं भानुमतीचं बोट धरलं, ते सोडलं नाही. म्हणून हात बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. खांद्याला रग लागली, मग मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना. त्याच अवस्थेत भानुमतीनं मुलांना गॅलिलिओकडं नेलं, गुरूभोवतीचे चंद्र मोजायला लावले. तिथून पॅरिसला नेलं, मादाम क्यूरींच्या गळक्या शेडमध्ये. मधूनमधून ती कान देऊन शिट्टी ऐकायची. बारीक झाली. आणखी बारीक झाली.

मालोजीराव आला तेव्हा बत्तीस मिनिटं झाली होती. त्यानं लॉरीचा जॅक लावून खोका उचलला आणि दार एका झटक्यात उघडलं.

मुलं उजेडात धावली. मिसनी पावनीला उचलून समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, वाफ दिली, तासभर बसवलं आणि म्हणाले, ठीक आहे, पंप वेळेवर मिळाला म्हणून निभावलं. तेव्हा कुठं भानुमतीनं हाताकडं पाहिलं. कोपरापर्यंत रक्त वाळलं होतं.

रघूत्तमाचा फोन आला. आवाजात जीव परतला होता.

“भानक्का, तुम्ही तर कमाल केलीत! आता रिपोर्ट मी सांगतो तसा लिहा. मुलगी औषध बॅगेत विसरली, आमच्या सेविकेनं प्रसंगावधान राखलं. बस. ट्रस्टीही खूश होतील.”

“ती विसरली नव्हती, साहेब.”

“म्हणजे?”

“मागत होती. मी नाही दिली.”

मग तो हळू आवाजात म्हणाला, “हे कुणी ऐकलंय?”

“तिनं आणि मी.”

“मग सुम्ने गप्प बसा की हो! मूल बरं आहे. तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला रिन्यू व्हायचंय. विनाकारण कशाला पायावर धोंडा मारून घेताय?”

त्याच वेळी फाटकात स्कूटर थांबली. पावनीची आई, सुमा, ऑफिसमधून धावत आली होती. गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलं होतं. दवाखान्यातून परतलेली पावनी मिसच्या शेजारी बाकावर बसली होती. सुमानं तिला पोटाशी घेतलं, पाठीवर कान टेकवून श्वास ऐकला, पुन्हा ऐकला. मग मिसनी भानुमतीकडं बोट दाखवलं.

सुमा आली आणि तिनं भानुमतीचा तो खरचटलेला हात दोन्ही हातांत धरला.

“तुम्ही आपल्यातल्याच ना? मिस फोनवर म्हणाल्या. तुमचे उपकार कसे फेडू, ताई? माझी एकच आहे हो ही.”

भानुमतीनं फोन बंद केला. पावनी दोघींकडं बघत होती. तिनं आईला काही सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती, हे भानुमतीला त्या नजरेवरून कळलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्या बाईच्या हातांची ऊब आपली नाही, असं वाटून तिला ती सोसेना.

“ताई, आभार मानू नका. तिनं बॅग मागितली होती, आत जायच्या आधी. आपली मुलगी म्हणून सोडली तर लोक बोलतील, म्हणून मी नाही म्हटलं. का हवी, ते विचारलंसुद्धा नाही.”

सुमाचे हात सैल झाले. तिनं ते एकदम काढून घेतले नाहीत, हळूहळू काढले.

“किती वेळा मागितली?”

“एकदाच. हळू.”

“ती एकदाच मागते,” सुमा म्हणाली.

तिनं लेकीच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा नीट बसलाय का ते बोट घालून पाहिलं आणि स्कूटर सुरू केली. भानुमती फाटकाशी उभी राहिली, स्कूटर वळणाआड जाईपर्यंत.