झाडाची हजामत

झाड गुरुवारी मेलं. तसा ठरावच झाला. दुकानात हजर असलेल्या पाचपैकी चौघांनी हात वर केले. पाचव्याच्या गळ्याला वस्तरा लागलेला असल्यामुळे त्याचं मत विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी उस्तादांनी शटर वर केलं, खिशातला रुमाल काढून झाडाची उथळ कुंडी पुसली आणि नेहमीप्रमाणे दोन वाट्या पाणी घातलं. गुरुवारचा विषय त्यांनी काढला नाही. झाडानेही काढला नाही.

“अहो, काल काय ठरलं?” काउंटरमागून बायको म्हणाली.

“काल कुठे काय ठरलं?”

झाड नकाशेवाल्यांचं होतं. नकाशेवाले म्हणजे उस्तादांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जन्मभर त्यांनी सरकारी नकाशे काढले होते आणि आता त्यांचं डोकंही नकाशासारखंच झालं होतं : कानांवर दोन किनारपट्ट्या, मध्ये ओसाड पठार. तरी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते खुर्चीत बसत आणि उस्ताद त्या किनारपट्ट्या चांगला अर्धा तास कापत. तीन महिने मुलीकडे जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हे जुनिपर, कुंडीत वीतभरच ठेवलेलं बोन्साय झाड, आणून आरशापुढे ठेवलं.

“वडिलांचं आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठं. तुमच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा मला माहीत नाही, उस्ताद.”

“याचं करायचं काय?”

“काही नाही. सांभाळायचं.”

ते गेल्यावर उस्तादांनी वाकून, हनुवटी फळीला टेकवून पाहिलं आणि झाड वीतभर राहिलंच नाही. वाऱ्याने पिळून काढलेलं खोड, एका अंगाला हाडासारखं पांढरं पडलेलं, आणि वर गडद हिरवे ढग. एखाद्या कड्याच्या टोकावर ते उभं होतं आणि खाली दरी होती, जिथे एरवी दाढीचे ब्रश असत. शिवाय दुकानात समोरासमोर आरसे. एका झाडाच्या मागे दुसरं, त्याच्यामागे तिसरं, असं अरण्य काचेच्या पार काळोखापर्यंत गेलं होतं. उस्तादांनी स्वतःच्याच दुकानात चपला काढल्या.

आठ दिवस त्यांनी कळ काढली. नवव्या दिवशी डावी फांदी थोडी वाढल्यासारखी वाटली आणि कात्री हातात होतीच. डावीकडे जरा जास्त गेलं म्हणून उजवीकडे घेतलं. उजवीकडे जास्त गेलं म्हणून पुन्हा डावीकडे. हा त्यांचा धंद्यातला जुना आजार होता. माणसांत तो पंधरा दिवसांत आपोआप बरा होत असे.

झाडात झाला नाही. डावी फांदी बोडकी राहिली, उरलेले ढग फिके झाले, मग तांबूस. उस्तादांनी पाणी वाढवलं. गुरुवारपर्यंत ही परिस्थिती होती.

सोमवारी, सुटीच्या दिवशी, ते झाड मांडीवर घेऊन रिक्षाने रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी आधी झाडाकडे पाहिलं, मग उस्तादांकडे.

“हे कुणी केलं?”

“गिऱ्हाईकाने असंच सांगितलं होतं,” उस्ताद सवयीने म्हणाले.

“झाडाने?”

बाईंनी खोडाची साल नखाने किंचित खरवडली. आत ओला हिरवा रंग होता. त्यांनी थोडं बाजूला खरवडलं. तिथे काहीच नव्हतं.

“एवढीच पट्टी जिवंत आहे. बोटभर. सगळं झाड हिच्यावर चाललंय.” मग पांढऱ्या लाकडावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ही बाजू फार वर्षांपूर्वीच मेली. ते पाप तुमचं नाही. डावी फांदी तुमची.”

“खत देऊ?”

“नको.”

“एखादं औषध?”

“नको. सकाळचं ऊन द्या. मातीत आगकाडी खुपसा; कोरडी निघाली तरच पाणी. बुडवलंय तुम्ही त्याला.”

“आणि टोकं जराशी सारखी करून—”

“कात्री जवळसुद्धा ठेवू नका.”

“बाई, माझं सलून आहे.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “जुनिपर लगेच काही सांगत नाही. मेलं तरी दोन महिने हिरवं राहतं, आणि जगायचं ठरवलं तरी लवकर कळवत नाही. तोवर तुम्ही काही करायचं नाही. हेच अवघड असतं.”

नकाशेवाले परतायला सहा आठवडे होते. उस्ताद रोज सकाळी झाड बाहेरच्या पायरीवर नेत आणि त्यांना काय सांगायचं त्याची तयारी करत. कात्री निसटली. मांजर आलं. उजेडामुळे तसं दिसतंय. एकही वाक्य ते आरशात बघून पूर्ण म्हणू शकले नाहीत.

“माणसांचे गेलेले केस कधी परत आणलेत का?” बायको म्हणे. “झाडाचे आणायला निघालेत.”

पण दुपारी बघावं तर कुंडी पायरीच्या दुसऱ्या टोकाला, उन्हाच्या मागे सरकलेली असे. विचारलं की ती म्हणे, “झाडताना हात लागला असेल.” दिवसातून चार वेळा तिचा हात लागत होता. गिऱ्हाइकंही आत येताना झाडाला वळसा घालून येऊ लागली, आवाज खाली आणू लागली. एकाने तर बाहेर उभं राहून मोबाइलवरचं भांडण कुजबुजत पूर्ण केलं.

अडतिसाव्या सकाळी उस्ताद एकाची दाढी अर्धी सोडून झाड बाहेर न्यायला वळले आणि थांबले. बोडक्या फांदीच्या अगदी बगलेत, खोडाला चिकटून, मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. त्यांनी तो पाहिला, मग वर पाहिलं. आरशांत तो ठिपका झाडागणिक होता. एकामागे एक, काचेच्या पार काळोखापर्यंत, त्या सबंध अरण्यात एकाच वेळी पालवी फुटली होती.

“उस्ताद, माझा दुसरा गाल?”

“थांबा.”

गिऱ्हाईक वैतागून उठलं, जवळ आलं आणि गालावर फेस घेऊन तसंच उभं राहिलं. काउंटरमागून बायकोही आली. तिघांनी श्वास जपून घेतला. फेस वाळला.

नकाशेवाले महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आले. खुर्चीत बसले नाहीत, सरळ झाडाकडे गेले. उस्तादांनी तोंड उघडलं.

“कापलं मी,” ते म्हणाले. दुसरं काही आलंच नाही.

नकाशेवाल्यांनी खिशातलं भिंग काढून ठिपका पाहिला. आता त्याला तांदळाएवढी दोन टोकं फुटली होती. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी कुंडी अलगद फिरवली आणि बोडकी बाजू खुर्चीच्या समोर आणली.

“ही पांढरी बाजू सगळ्यांना आवडते,” ते म्हणाले. “ती माझी. वडील महिनाभर दौऱ्यावर होते, मी एकोणीस वर्षांचा. परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. कुंडी अशीच फिरवून ठेवली. तेव्हापासून तीच पुढची बाजू.”

उस्तादांनी त्या पांढऱ्या लाकडावरून हलकेच बोट फिरवलं.

“याची फांदी भरायला चाळीस वर्षं जातील. मग पहिल्यांदा कापायची. अगदी थोडी.”

“कुणी?”

“तुम्ही. मला त्या दिवशी जमेलसं वाटत नाही.” आणि ते खुर्चीत बसले. “घ्या, किनारपट्टी जरा वाढलीय.”

जाताना त्यांनी झाड नेलं नाही.

दुकानाच्या परवान्याचा नूतनीकरण अर्ज त्याच आठवड्यात भरायचा होता. तो बायको भरत असे, कारण उस्तादांचं अक्षर रकान्यात मावत नसे.

“कालावधी? एक वर्ष लिहू?”

“चाळीस.”

तिने वर पाहिलं. पायरीवर ऊन सरकलं होतं. ती उठली, कुंडी सरकवून आली आणि चाळीस लिहिलं. शेवटचा रकाना ‘इतर’ असा होता. तो उस्तादांनी स्वतः भरला, अक्षर बारीक काढत :

‘अर्जदाराकडे एका झाडाची एक फांदी कापावयाची शिल्लक असून, ती कापण्याजोगी होण्यास चाळीस वर्षे लागणार आहेत. तरी तोपर्यंत अर्जदाराचे वय एकोणसाठ, नजर व हात आज आहेत तसेच, पत्नीसह, कायम ठेवण्यात यावेत, ही नम्र विनंती.’