बर्फाचा एक कण

आदेशने डबी कानाशी धरून हळूच हलवली. आत दूध डुचमळलं, आणि त्यामागून अगदी बारीक, टिक् असा आवाज आला.

"आहे," तो म्हणाला. "एक खडा आहे अजून."

वर्षालीने ती डबी परत फ्रीजरमध्ये ठेवली. अशा सतरा डब्या होत्या. प्रत्येकीत चार चमचे दूध, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या पट्टीवर तारीख-वेळ, वर्षालीच्या बारीक, सरळ अक्षरात. ती लॅबमध्ये कामाला होती. तिच्या हातात आलेल्या बाटलीला नाव नसेल तर तिला जेवण जात नसे.

बाळ सोळा दिवसांचं होतं. दोन महिने आधीच आलं होतं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. वजन बाराशे ग्रॅम. आदेशने मागच्या रविवारी आणलेलं टरबूज पोरीच्या तिप्पट होतं, आणि ते त्याने एका बैठकीत संपवलं होतं, याची त्याला आता लाज वाटत होती. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये एका बाळाला एका दिवसापुरती जागा मिळे. बाकीचं दूध घरी गोठवायचं आणि रोज सकाळी न्यायचं. त्यात चार दिवसांपूर्वी वर्षालीला ताप भरला आणि दूध आटलं. ते परत येईपर्यंत पोरीच्या वाट्याला या सतरा डब्याच होत्या. नर्सने सांगितलं होतं, बर्फाचा एक कण दिसतोय तोवर काळजी नाही. पूर्ण वितळलं तर मात्र परत गोठवायचं नाही.

फ्रिज तसा चालू होता. दिवा लागत होता, घरघर येत होती. फ्रीजरच्या मागच्या जाळीतून बर्फ बाहेर डोकावत होता. म्हणजे बर्फ भरपूर होता, फक्त दुधात नव्हता.

पिपरी मेघे गावात त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. आदेशने सकाळी आणलेली बर्फाची लादी बारा वाजता पोत्यातून नालीत निघून गेली होती. गल्लीतली तीन घरं लग्नाला गेली होती, आणि चौथ्या घरातले मधुकरराव बंद पडलेल्या फ्रिजचा उपयोग औषधाच्या गोळ्या उंदरांपासून वाचवण्यासाठी करत. कंपनीच्या नंबरवर एका ताईने पाऊण तास ऐकून घेतलं, माणूस बहात्तर तासांत येईल म्हणाली, आणि दूध नासू नये म्हणून तोवर उकळून ठेवा सर, असा सल्ला दिला. मग आदेशने माहितीपुस्तिका काढून मोठ्याने वाचली. चौथ्या पानावर 'कपडे उलटे करून टाका' असं आलं तेव्हा ती वॉशिंग मशीनची निघाली.

"घडीघडी काऊन उघडून राह्यला रे?" आतून नलूबाई आल्या. त्या आदेशच्या आई. "मी पह्यल्याच दिवशी म्हटलं होतं. आईच्या दुधाले लोकाईची नजर लागते. कोळसा ठेवा म्हटलं जवळ."

"आई, फ्रिजले नजर नाई लागत," वर्षाली म्हणाली. "लाइट लागते."

पहिल्या दिवशी वर्षालीने नलूबाईंना कोळसा आणि जंतू या विषयावर वीस मिनिटं समजावलं होतं. शेवटी त्यांनी कोळशाचा तुकडा मुकाट्याने परत चुलीजवळच्या डब्यात टाकला होता.

तीन वाजता दारात लाल कोट घातलेला माणूस उभा राहिला. खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, हातात पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. मागे गल्लीत बँडपार्टीची गाडी उभी होती.

"मोतीलाल," तो म्हणाला. "फ्रिजवाला. मधुकररावानं पाठवलं."

आदेशने आधी कोटाकडे पाहिलं, मग पान्याकडे.

"लग्नसराईत क्लॅरनेट वाजवतो, भाऊ. बाकी टायमाले फ्रिज. मे महिन्यात दोन्ही सीजन येते, माह्या जीव जाते. साडेपाचले नालवाडीत वरात आहे. चला, दाखवा."

त्याने टोपी नलूबाईंच्या हातात दिली, फ्रिज बंद केला आणि फ्रीजरमध्ये अर्धा शिरला. खांद्यावरची झालर बर्फाला चिकटली. डब्या त्याने एकेक करून मागे दिल्या. वर्षाली त्या दवाखान्याच्या थर्मोकोलच्या पेटीत लावत होती. घाईतही डब्या तारखेप्रमाणेच लागत होत्या.

"वहिनी, गरम पानी आणा. जाळी गोठली."

दोन पातेली पाणी गेलं. मग जाळी निघाली, तिच्यामागे बर्फाचा एक अख्खा दगड निघाला, आणि दगडामागे पंखा दिसला. मोतीलालने बोट घालून काहीतरी उपसलं.

"पंखा दोऱ्यानं जाम झाला. मंग थंडी इकडे येईन कुठून? मागंच बर्फ होऊन राह्यला." त्याने तळहात पुढे केला. "हे कोनं टाकलं जाळीच्या फटीत?"

सुपारीएवढी एक पुरचुंडी. पांढऱ्या कापडात काळा कोळसा, वरून दोरा बांधलेला.

आदेशने आईकडे पाहिलं.

"आई! नाई म्हटलं होतं ना तुले? वीस मिनिटं सांगतलं होतं तिनं! तुह्या नजरेच्या नादात पोरगी उपाशी राह्यली असती माही! समजते का काई?"

नलूबाईंनी मोतीलालच्या हातातून पुरचुंडी घेतली. दोऱ्याची दोन टोकं पांढऱ्या पट्टीने चिकटवली होती. पट्टीवर शाई जराशी पसरली होती, तरी वाचता येत होती. सहा मे, पहाटे चार दहा. बारीक, सरळ अक्षर.

वर्षाली पेटीजवळ खाली बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

नलूबाईंनी नखाने पट्टी सोलली, तिची गोळी केली आणि पदराच्या टोकात बांधली.

"चुकलं बाप्पा," त्या म्हणाल्या. "मायी अक्कल चालली नाई."

"तू आता त्या दुधाले हातच लावू नको," आदेश म्हणाला.

मोतीलालने घसा खाकरला. "भाऊ, भांडा मंग. हे पूर्न वितळाले दीड घंटा, थंड व्हाले अजून चार घंटे. तेवढ्यात डब्याईचं काय?"

पेटीतल्या बर्फाच्या पिशव्याही आता नुसत्या पाण्याच्या झाल्या होत्या. वर्षालीने एक डबी उचलून हलवली, मग दुसरी. तिसरीतून टिक् आलंच नाही, आणि तिने ती वेगळी ठेवली.

"नालवाडीच्या मंगल कार्यालयात आइस्क्रीमची मोठी पेटी आहे," मोतीलाल म्हणाला. "काईबी ठेवा, दगड होते त्यात. क्याटरिंगवाला ओळखीचा आहे. पन जवळ मानूस बसवा लागन. वऱ्हाडी लोक पेटी घडीघडी उघडते."

"मी जातो," आदेश म्हणाला.

"तुम्ही इथंच पायजे. बर्फ काढत राहा. पानी खाली मोटरवर गेलं त फ्रिजच जाईन."

वर्षाली भिंतीला धरून उठली. टाके अजून ओढत होते. तिने थर्मोकोलची पेटी उचलली, आदेशच्या पुढून नेली आणि नलूबाईंच्या हातात दिली.

"आई, तुम्ही बसा जवळ."

नलूबाईंनी मोतीलालची टोपी त्याला परत केली आणि पेटी छातीशी धरली. गाडीत ढोल आणि ताशा यांच्या मधे त्यांना जागा करून देण्यात आली. वाजंत्र्यांपैकी एकाने आदराने मांडीवरची तुतारी बाजूला घेतली.

गाडी गेल्यावर आदेश फडक्याने पाणी टिपत राहिला.

"आदेश, तो कोळसा माह्या होता," वर्षाली म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"पहाटे झोप नव्हती येत. ताप होता. काय करू काई समजे नाई. मंग बांधला आन् ठेवला."

फडक्यातलं पाणी त्याच्या पायावर गळत होतं. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता. मागे बँड इतक्या जोरात वाजत होता की त्याला स्पीकर लावावा लागला.

"ठेवल्या बाप्पा," नलूबाई ओरडून सांगत होत्या. "आइस्क्रीमच्या खाली. वाटेत अजून एक वितळली, थे बाजूले काढली. बाकी पंधरा आहे. मी पेटीवरच बसली. एक कोटवाला आला, म्हणे सरका बाई, कुल्फी काढाची आहे. म्या सरकलीच नाई. तो म्हणे, तुम्ही हाओ कोन? नवरदेवाकडच्या का पोरीकडच्या?"

"मंग?" वर्षालीने विचारलं.

"मी म्हटलं, पोरीकडची."

बँडचं एक कडवं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

"हालो? आदेश? आयकून राह्यला का?"

आदेशने फोन दोन्ही हातांनी धरला. "हाव, आई," तो म्हणाला. "तूच बस जवळ."