तेलाने चोपडलेली सकाळ

मी एक जुने चित्र आहे. चिंचणीच्या दमयंतीबाईंनी मला फळीवर तैलरंगांत रंगवले, तेव्हा त्यांची चिकूची वाडी उभी होती. माझ्यात त्याच वाडीतली पौषातली सकाळ आहे. सूर्य कुठेच नाही. धुक्याआडून आलेला करडा-पिवळा उजेड ओल्या पानांवर तेवढा बसला आहे. तो साधेपर्यंत बाईंनी मला पुन्हा पुन्हा खरवडले होते.

आज वाडीच्या जागी गोदाम आहे. बाईंना मोतीबिंदू झाला. "डोला उघडला का पैली माजी वाडी बगीन," असे सुनेला, जयवंतीला सांगून त्या बोईसरला लेकीकडे ऑपरेशनसाठी गेल्या.

तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते, मित्रांनो. घट मांडण्याआधी आमच्या घरी देव्हारा आणि तसबिरींच्या चौकटी खोबरेल तेलाने पुसतात. जयवंतीने माझी चौकट पुसली आणि तेलाचा बोळा तसाच आत, माझ्या रंगांवरही फिरवला.

"आईंना जरा चकचकीत दिसू दे," ती नवऱ्याला म्हणाली.

"काळवंडलंच होतं," भाग्येश म्हणाला. "अजून लाव. लग्नाला आल्यासारखं दिसू दे."

दर गुरुवारी मला तेल मिळत गेले. पहिले खवट झाले, त्यावर दुसरे बसले. फोडणीचा धूर, उदबत्तीची राख, केसांचे गुंते, सारे मला चिकटले. झुरळे मला चाटू लागली. माशा धुक्यात रुतून मेल्या. पालीने आभाळावर घाण केली, तीही जयवंतीने त्याच बोळ्याने पसरून पुसली. मला स्वतःच्या अंगाची शिसारी आली.

बाई परतल्या. चपला काढून थेट माझ्यासमोर आल्या.

"जयवंती, ही पाखरा मी कवा काडली गो?"

"माशा आहेत, आई. तेल लावलं होतं."

बाईंनी माझ्यावर बोट टेकवले, हुंगले आणि तोंड फिरवले. जयवंती घाबरून भांड्यांचा साबण आणि काथ्या घेऊन आली. बाई नको म्हणेपर्यंत तिने जोरात घासले. माशा निघाल्या. त्यांच्याबरोबर पानांवरचा पिवळा रंगही निघाला. खाली कोरी फळी दिसू लागली.

"आता बगायला काय रायला नाय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मित्रांनो, माया करताना हातातला बोळा जरा थांबवा. मला काय चालते, हे जयवंतीला बाईंना केलेल्या एका फोनवर कळले असते.