एमरीचं नाव कोणी घ्यायचं

आमच्या मिलर्स बेंडमध्ये बेसबॉलचा मोसम संपला की चर्चच्या तळघरात गावजेवण असतं, आणि वर्षातल्या सर्वांत चांगल्या फलंदाजाला तिथे एक झुलती खुर्ची देतात. खुर्ची होबार्ट योस्ट बनवतो. एरवी तो शवपेट्या बनवतो, त्यामुळे खुर्ची भक्कम असते आणि तिच्यात बसलेला माणूस जरा ताठच बसतो. निवड करणारे तिघे: होबार्ट, न्हावी ऑर्विल क्लिंट आणि शाळेची बाई म्हणून मी. नियम एकच. प्रत्येकाने उभं राहून खेळाडूचं नाव मोठ्याने घ्यायचं.

गावात सर्वांत चांगला फलंदाज एमरी स्टॅलबॉम, यावर दुमत नव्हतं. तीन उन्हाळे झाले, एकही सामना असा गेला नव्हता की ज्यात त्याने निदान एक फटका मारून बेस गाठला नाही. तरी खुर्ची आधीची दोन्ही वर्षं संघातल्याच लायल पेकला गेली. लायल एकटा राहतो. दुसऱ्या खुर्चीवर तो ओले मोजे वाळत घालतो.

कारण सांगते. कुणाची अशी मालिका चालू असेल तर बेसबॉलवाले तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. काढलं की मालिका तुटते म्हणतात. इतर गावं हे मैदानापुरतं पाळतात. आमच्या गावाने ते फारच मनावर घेतलं. मोसम संपला तरी एमरीची मालिका तुटलेली नसायची, म्हणून हिवाळ्यातही सगळे गप्प. आधी त्याच्या फटक्यांविषयी बोलणं थांबलं, मग जास्तीची खबरदारी म्हणून त्याचं नावच बंद झालं. पाद्री प्रार्थनेत ‘आपल्यातला एक बंधू’ म्हणायचे. ऑर्विल त्याचे केस मुक्याने कापायचा, आणि ऑर्विलसाठी ते उपासासारखं होतं. बायको ट्रुडीसुद्धा त्याला नावाने हाक मारेना. जेवायला बोलवायची तर दारातून म्हणायची, “ऐकलंत का?”

मग अशा माणसाचं नाव भर जेवणात उभं राहून घ्यायचं कोणी? आम्ही तिघे आळीपाळीने उठायचो, घसा खाकरायचो आणि लायल पेक म्हणून खाली बसायचो.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या रविवारी एमरी माझ्याकडे आला. व्हरांड्यात बसून टोपी फिरवत राहिला. ग्रँट्सबरो गावच्या संघाचा व्यवस्थापक त्याला आपल्याकडे खेळायला बोलावत होता, आणि मोसम संपल्यावर एमरी होकार देणार होता.

“बाई, इथे मी कुणाला आवडत नाही,” तो म्हणाला. “ग्रँट्सबरोत चुकलो तर निदान नावाने शिव्या देतील.”

अपूर्णांक मीच त्याला शिकवले होते, तेव्हा घाई करून चालत नाही हे मला माहीत होतं. शिवाय सरळ सांगायचीही सोय नव्हती. मी टोपलीतली सफरचंदं मांडली. म्हटलं, समज, एका झाडाला रोज फळ येतं. शेजाऱ्यांना वाटतं, झाडाचं कौतुक केलं तर ते आटेल. मग शेजारी काय करतील?

त्याने एक सफरचंद रांगेतून बाजूला सारलं. “दुसऱ्या झाडाला खुर्ची देतील,” तो शेवटी म्हणाला.

“बरोबर.”

“आणि एक दिवस फळ आलंच नाही तर?”

“मग बोलायला सगळे मोकळे.”

त्याने सफरचंद उचललं, खाल्लं आणि निघून गेला. तो काय ठरवून गेला ते मला शनिवारी मैदानावर कळलं.

सामना ग्रँट्सबरोशीच होता. पहिल्या खेपेला एमरीने चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवली. पण त्याच्या बॅटला चुकायची सवय नव्हती; कशीबशी कड लागून चेंडू उडाला आणि नशिबाने झेलला गेला. एमरी हसत परतला. दुसऱ्या खेपेला तो डोळे मिटून उभा राहिला. समोरच्या गोलंदाजाला वाटलं, हा डोळे मिटून खेळतोय म्हणजे आज काही खरं नाही. घाबरून त्याने चारही चेंडू लांब टाकले आणि एमरीला पहिला बेस फुकट मिळाला. अशा फुकटच्या बेसने मालिका तुटत नाही. एमरी तिथे पोचला तो रडवेला होऊन.

तिसरी खेप शेवटच्या डावात आली. आम्ही एका धावेने मागे, दोन आपले बेसवर, दोन गडी बाद; तिसरा बाद झाला की सामना संपला. एमरी पुढे झाला आणि त्याचा चेहरा बदलला. आता खुर्ची बिर्ची तो विसरला होता. त्याला जिंकायचं होतं. जीव एकवटून त्याने तीनदा बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा चेंडू मागच्या हातमोज्यात.

एमरी बाद, सामना गेला आणि मालिकाही तुटली. मग ऑर्विल बाकावर चढला.

“एमरी स्टॅलबॉम! आंधळ्या गाढवा, तो चेंडू माझ्या आजीने मारला असता!”

बांध फुटला. सगळं गाव एमरी, एमरी म्हणून ओरडू लागलं, आणि त्यातला एकही शब्द गोड नव्हता. ट्रुडीचा आवाज सर्वांत वर होता. एमरी तिथेच उभा राहिला, टोपी काढली आणि वरातीतल्या नवरदेवासारखा चहूकडे बघून मान लववू लागला. त्यावर लोक आणखी भडकले.

जेवणाच्या वेळी ऑर्विल उठला. नाव घेता येतं म्हणून घेईन असं नाही, शेवटचा सामना याच्यामुळे गेला, म्हणून लायल पेक. लायलने हात जोडले, घरात जागा नाही म्हणाला. होबार्ट म्हणाला, तीन वर्षांचे फटके एका सामन्याने पुसतात का? एमरी. ऑर्विल म्हणाला, खुर्ची या वर्षीची आहे, तीन वर्षांची नाही. होबार्ट म्हणाला, मग गेल्या दोन वर्षांच्या हिशेबाचं काय? पाद्रीबुवा मध्ये पडले आणि स्वतःच भांडू लागले. गोमांसाचा रस्सा गार झाला. कोणत्या सामन्यात एमरीने चेंडू धान्याच्या कोठारावर टाकला होता, हे तीन वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं आता एकदम बाहेर येत होतं. एमरी मान खाली घालून भोपळ्याची गोड पाई खात होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

माझी पाळी आली तेव्हा मी उठले, पण मला कोणी बोलू देईना.

इतक्यात ग्रँट्सबरोचा व्यवस्थापक दारातून आत आला आणि एमरीला खुणावू लागला. एमरी बशी घेऊन त्याच्याकडे गेला.

“नाही जमायचं हो,” तो म्हणाला. “इथे माझ्यावरून भांडण चाललंय. बसा ना, पाई खा.”